मामांना कॅन्सर, मी कॅन्सरवर पीएचडी करते, आणि मला काहीच सांगता येत नाही

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी एकोणतीस वर्षांची आहे, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. कॅन्सरच्या पेशी जागा सोडून पसरतात त्यात एका लांब आरएनएचा (जीनवरून पेशीने उतरवलेली प्रत म्हणजे आरएनए; हा प्रथिन न बनवणारा) हात आहे का, हा तिचा विषय. दोन महिन्यांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या तिच्या मामांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. तंबाखू-चुन्याची जुनी सवय. तेव्हापासून सगळं घर तिच्याकडे बघतंय, ‘आमची पोर कॅन्सरवरच संशोधन करते’ म्हणून. कोणतं औषध, कोणतं हॉस्पिटल, मावसभावाने पाठवलेली ‘रक्ताच्या थेंबातून कॅन्सर ओळखा’ ही आरएनएची तपासणी करायची का, सगळं तिलाच विचारतात. तिला उत्तरं येत नाहीत. त्यात तिचा प्रयोगही उलटलाय. तो आरएनए दाबला की पेशींची चाल मंदावते. पण त्याचा जीनच कापून काढला तर काहीच होत नाही. गाईडचं म्हणणं, पहिला निकाल छापू, दुसरा राहू दे. ती विचारते, “पाच वर्षं मी नेमकं केलं काय? सगळं सोडून एखाद्या तपासण्या करणाऱ्या कंपनीत गेले, तर निदान कुणाच्या उपयोगी तरी पडेन का?”

—

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझ्या पत्रात दोन दुखणी आहेत, आणि तू ती एकमेकांत गुंतवली आहेस. मामा आजारी आहेत हे एक. प्रयोग बसत नाहीये हे दुसरं. मामांना कॅन्सर झाला नसता तरी त्या दोन निकालांचा मेळ बसला नसता. आणि तुझा प्रयोग झकास जमला असता तरी मामांच्या गालातली गाठ एका मिलिमीटरने कमी झाली नसती. आधी मामांचं बघू, त्यात वेळ कमी आहे.

घरच्यांनी तुला विचारलं ‘कोणतं औषध’, आणि तू गृहीत धरलंस की उत्तर रेणूंमध्ये द्यायला हवं. ते उत्तर डॉक्टरांनी द्यायचं आहे. तुझ्याकडे जे आहे ते घरात दुसऱ्या कुणाकडे नाही : इंग्रजीतला बायोप्सीचा रिपोर्ट हातात धरून न घाबरता वाचता येणं, न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारता येणं, आणि ‘सिद्ध झालंय’ व ‘कुणीतरी म्हटलंय’ यातला फरक कळणं. ही पाच वर्षांची कमाई आहे. तू तिला मोजतच नाहीयेस.

म्हणून एक वही कर. पहिल्या पानावर रिपोर्टांची यादी, तारखांसकट. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक जिथे तपासणी झाली तिथून मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलला मत विचारायला गेलात की तेच आधी मागतात. स्टेज कितवी, हे बायोप्सीवरून ठरत नाही, सीटी किंवा एमआरआय लागतो, हे मामींना एकदा शांतपणे सांग. ‘डॉक्टर अजून स्टेजच सांगत नाहीत’ म्हणून घरात जी धास्ती असते ती निम्मी तिथेच उतरेल.

मग सर्जनना विचारायचे प्रश्न लिहून काढ. गाठ किती खोल गेली आहे? जबड्याच्या हाडाला लागली आहे का? मानेतल्या गाठी काढणार का? या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबते, कारण तुझ्या ‘संशोधनाचा उपयोग काय’ या प्रश्नाचं एक उत्तर त्यातच आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठी लागत नसतील, तर मान आत्ताच उघडायची की गाठ दिसल्यावर बघायचं, यावर सर्जनांमध्ये कितीतरी वर्षं दोन तट होते. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून हे तपासलं आणि २०१५ साली निकाल छापला. मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, आरएनए तर नाहीच. जगभरच्या सर्जनांची सवय त्याने बदलली. मामांची केस त्या टप्प्यातली आहे की पुढची, ते सर्जन सांगतील. पण प्रश्न तू विचार.

बाकीचं पटापट सांगते. तंबाखू आजपासून बंद, ‘आता झालंच आहे तर काय’ हे ऐकून घ्यायचं नाही. सवय चालू राहिली तर जखमा उशिरा भरतात, रेडिएशनचा गुण कमी येतो आणि पुन्हा होण्याचा धोका वाढतो. रेडिएशन द्यायचं ठरलं, तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, किडके दात आधीच भरावे किंवा काढावे लागतात. हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि रेशनकार्डासकट कोणते कागद लागतात हे त्यांना तोंडपाठ असतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पैशांची पळापळ करण्यापेक्षा हे बरं. आणि मामींकडे लक्ष दे. ऑपरेशननंतर काही दिवस नाकातल्या नळीने भरवावं लागेल, मग महिनोन् महिने पेज, मऊ भात, मिक्सरमधून काढलेली आमटी-भाकरी. हे सगळं त्या करणार आहेत आणि तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांचं नाव एकदाच आलंय.

आता मावसभावाची तपासणी.

मायक्रोआरएनए, म्हणजे वीस-बावीस अक्षरांचे छोटे आरएनए, रक्तात सापडतात, त्यांचं प्रमाण आजारात बदलतं, हे खरं आहे. त्यावर हजारो पेपर निघालेत. पण तू स्वतः आरएनएवर काम करतेस, तेव्हा आतली गोष्ट तुला माहीत आहे. लाल पेशींमध्ये मिर-४५१ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. रक्त काढताना सुई बारीक लागली, नळी जोरात हलवली, सॅम्पल तासन् तास टेबलावर राहिलं, की लाल पेशी फुटतात आणि सिरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्याला, गुलाबी छटा येते. तेवढ्यावर आकडे बदलतात. त्यात गंमत अशी, की मिर-१६ हाच ‘स्थिर’ समजून पुष्कळ जणांनी बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. सांगलीहून कुरिअरने निघालेल्या नळीचं काय होत असेल, तूच सांग.

शिवाय मामांचं निदान बायोप्सीने झालेलंच आहे. ‘कॅन्सर आहे का’ ही तपासणी आता करून कळणार काय? मावसभावाला एवढंच लिही : “मामांना याची गरज नाही. तूही तंबाखू खातोस, तर एकदा तोंड दाखवून घे, टॉर्चच्या उजेडात होतं.” हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली; तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले, हे २००५ मध्ये छापून आलंय. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं. यासाठी कुणाला पीएचडी लागत नाही.

आता तुझं दुखणं. ‘पाच वर्षं मी केलं काय?’

तुझ्या संशोधनातून एक दिवस लाखो जीव वाचतील, असं मी तुला सांगणार नाही. बहुधा वाचणार नाहीत. निदान थेट, तुझं नाव लावून तर नाहीच. असं बोलून तुझी समजूत काढणं सोपं आहे, पण मग तुझ्या घरच्यांचंच गृहीतक मी पक्कं करते : कॅन्सरवर संशोधन म्हणजे कॅन्सरचं औषध, आणि औषध निघालं नाही तर संशोधन वाया. तुला हे घरच्यांकडून ऐकताना त्रास होतो, पण मनातून तूही तेच मानतेस.

तुझ्याच गल्लीतली गोष्ट घे. १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या अळीत २२ अक्षरांचा एक आरएनए सापडला, लिन-४. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या लॅबमधलं काम. (अँब्रोस यांच्या लॅबच्या पेपरवर पहिलं नाव रोझलिंड ली यांचं होतं, हे नोबेलच्या बातम्यांत शोधून वाचावं लागतं.) अळीची वाढ कोणत्या टप्प्यावर कशी थांबते, एवढाच प्रश्न होता. सात वर्षं बहुतेकांनी ती अळीचीच एक लहर समजली. २००० मध्ये तसाच दुसरा, लेट-७, सापडला, तो माणसातही निघाला. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, गुणसूत्र १३ चा जो तुकडा वारंवार गळालेला दिसतो त्यात मिर-१५ आणि मिर-१६ बसलेले असतात. तेव्हा एकच झुंबड उडाली. कॅन्सरमध्ये हरवलेला मायक्रोआरएनए बाहेरून परत द्यायचा, इतकं सोपं वाटत होतं. मिर-३४ ची नक्कल रुग्णांना देऊन पाहिली. प्रतिकारशक्ती भडकली, चार रुग्ण दगावले, २०१६ मध्ये चाचणी बंद करावी लागली. अँब्रोस आणि रुव्हकन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. आणि मायक्रोआरएनएवर उभं राहिलेलं कॅन्सरचं एकही औषध अजून बाजारात नाही.

याला तू काय म्हणशील, उपयोगी की निरुपयोगी? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. पेशीत काय चालतं ते कळलं, ते कायमचं कळलं. औषधाचं गणित त्यावर वेगळं बसतं, आणि ते कधी फार उशिरा बसतं, कधी दुसऱ्याच आजारात. आरएनए दाबण्याची जी युक्ती तू रोज वापरतेस ती १९९८ मध्ये अळीतच सापडली. तिच्यावरचं पहिलं औषध २०१८ मध्ये आलं, आणि तेही कॅन्सरचं नव्हे. नसांची हानी करणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाचं.

मी जिथे सगळ्यात जास्त थांबणार आहे ती जागा मात्र तुझी जुळत नसलेली दोन चित्रं, म्हणजे ते दोन निकाल. तू त्यांना ‘माझा प्रयोग फसला’ म्हणतेस. मी आधी तुला तपासणी अधिकाऱ्यासारखं विचारते. आरएनए दाबल्यावर पेशी मंदावल्या, हे तू कसं मोजलंस? प्लेटवर पिपेटच्या टोकाने ओरखडा मारून, चोवीस तासांनी तो किती बुजला त्याचा फोटो काढून, बरोबर? त्या चोवीस तासांत पेशींची वाढच कमी झाली असेल तरी ओरखडा उघडा दिसतो. चाल कमी झालीच असं नाही. दाबायला वापरलेला आरएनएचा छोटा तुकडा एकच होता की दोन-तीन वेगवेगळे? एकच असेल तर तो भलत्याच आरएनएवर जाऊन बसला नाही हे कशावरून? आणि पेशींची ओळख डीएनएच्या ठशावरून शेवटची कधी पटवलीस? पेशींचे नमुने एकमेकांत मिसळण्याचा इतिहास हेला पेशींइतका, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवता आलेल्या माणसाच्या पहिल्या पेशींइतका, जुना आहे.

आता उलट बाजू. गाईडनी ‘दुसरा निकाल राहू दे’ म्हटलं की तू थेट लबाडीपर्यंत पोचलीस. पत्रात तसा शब्द नाही, पण सूर तोच आहे. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असू शकतं, एवढं तपासून बघ. दाबणं म्हणजे नळ बारीक करणं आणि जीन कापणं म्हणजे नळाचा जोडच काढून टाकणं. जीन कापलेली पेशी निवडून, एकीपासून वाढवून क्लोन तयार होईपर्यंत कित्येक आठवडे जातात. तेवढ्या काळात पेशी दुसरी वाट शोधून सावरलेली असू शकते. म्हणजे आरएनए महत्त्वाचा असूनही फरक दिसणार नाही. किंवा तू निवडलेला एक क्लोनच विचित्र असेल. तेव्हा ‘क्लोनवर भरवसा नाही’ हे म्हणणं वावगं नाही. वावगं आहे ते भरवसा आहे की नाही हे न तपासता चित्र ड्रॉवरमध्ये टाकणं.

मॅलॅट-१ ची कहाणी तुझ्या गाईडनाही ठाऊक असेल. २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा लांब आरएनए वाढलेला दिसला, तो वाढलेल्यांमध्ये रोग पसरतो म्हणून त्याचं नाव झालं. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी त्याचा जीन नसलेले उंदीर वाढवले, आणि उंदीर धडधाकट. २०१६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांत तो काढल्यावर रोग कमी पसरला असं छापून आलं, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने दुसऱ्या पद्धतीने तो बंद केला तर रोग जास्त पसरला; आरएनए परत दिल्यावर पसरणं आटोक्यात आलं. जीनचा केवढा तुकडा काढला, तिथल्या डीएनएमध्ये आणखी काय होतं, यावर उत्तर फिरतं. यातला कुठलाही एक गट ‘आमचं इतरांशी जुळत नाही, राहू दे’ म्हणाला असता तर आज सगळे एकाच दिशेने धावत असते, आणि ती दिशा चुकीची असण्याची पुरेशी शक्यता होती.

तेव्हा तुझ्यापुढचं काम एवढं : दाबण्यासाठी आणखी एक वेगळा तुकडा, जीन कापलेले किमान दोन स्वतंत्र क्लोन, आणि त्यांना तो आरएनए परत देऊन फरक पडतो का ते बघणं. हे काही वर्षांचं काम नाही, महिन्यांचं आहे. गाईडकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, ही योजना घेऊन जा. “सर, रिव्ह्यूअर जीन कापलेली पेशी मागणारच, तेव्हा आपणच आधी करून ठेवू” असं म्हण. हे ते नाकारू शकणार नाहीत, कारण ते खरं आहे. बोलणं झाल्यावर काय ठरलं ते चार ओळींच्या ईमेलने त्यांनाच पाठव. तरीही दुसरा निकाल लपवायचाच आग्रह राहिला, तर पीएचडीवर लक्ष ठेवणारी संशोधन सल्लागार समिती त्यासाठीच असते. पुढच्या प्रगती अहवालात दोन्ही चित्रं लाव. रागाने नको, नुसती लाव.

आणि थिसिसला ‘हो’ असंच उत्तर लागत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत सबमिट करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते मात्र ऑफिसात जाऊन विचार. लॅबमधल्या सीनिअरना विचारू नकोस, त्यांना जुने नियम पाठ असतात.

राहिला कंपनीचा प्रश्न. जायला माझी हरकत नाही. तपासण्या करणाऱ्या कंपन्यांत चांगली कामं आहेत, पगार फेलोशिपपेक्षा बरा आहे, आणि ‘हे सॅम्पल गुलाबी आहे, रिपोर्ट देता येणार नाही’ असं म्हणणारी माणसं तिथे हवीच आहेत. पण तिथे गेलीस म्हणजे मामांसारख्या माणसांच्या जवळ पोचलीस, हे मला पटत नाही. तिथेही तुझ्या हाती नळ्याच येतील. रुग्णाच्या जवळच जायचं असेल तर क्लिनिकल ट्रायलचं काम, रोगांची नोंद ठेवणाऱ्या कॅन्सर रजिस्ट्रीचं काम, साथरोगशास्त्र, हे रस्ते आहेत, आणि त्यांना पाचव्या वर्षी सोडलेली पीएचडी चालते त्यापेक्षा पुरी झालेली जास्त चालते. माझं मत विचारशील तर, पुरी कर आणि मग जा. पण हा निर्णय मामांचं ऑपरेशन होऊन फायनल रिपोर्ट येईपर्यंत घेऊच नकोस. आत्ता तू जे सोडायला निघाली आहेस ते पीएचडी आहे की ‘आमची पोर कॅन्सरवर संशोधन करते’ हे वाक्य, ते मला तुझ्या पत्रावरून कळत नाही. तुलाही कळत नसावं.

पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) लॅब उभी केली तेव्हा त्यांनाही घरच्या समारंभांत ‘मग औषध कधी?’ हे कुणीतरी विचारलंच असेल असं मला उगाच वाटतं. त्यांचं बरंचसं काम उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर होतं. त्यांनी उत्तर काय दिलं असतं कोण जाणे. तू घरी असं सांगून बघ : “मी पेशी कशी बिघडते ते शिकते. बिघडलेल्या पेशीवर उपचार करणारे वेगळे, त्यांच्याकडे मी तुमच्याबरोबर येईन.” एकदा आईला सांग, ती बाकीच्यांना सांगेल. आया सांगतात.

ज्यांच्या घरात असंच कुणी लॅबवालं पोर आहे त्या वाचकांनाही विनंती. त्याला औषध विचारू नका. फाईल घेऊन बरोबर यायला सांगा, रिपोर्ट वाचून दाखवायला सांगा. जमेल त्याला.

ऑपरेशनची तारीख मिळाली की रजेचा अर्ज टाक, गाईडना तोंडी सांगून भागवू नकोस. जाण्याआधी ते क्लोन लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवून जा. प्रत्येकाच्या दोन व्हायल, दोन वेगळ्या डब्यांत, नाव आणि तारीख न पुसणाऱ्या पेनने. महिनाभर त्यांना तुझी काही गरज नाही.